घारापुरी : दोन टेकड्यांचे बेट

श्रोतेहो, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड इथे राहणाऱ्या माणसाला 'तुम्ही बेटावर राहता' असे सांगितले, तर तो आपल्याकडे जरा संशयानेच पाहील. सकाळची आठ बावन्नची गाडी पकडण्याच्या घाईत बेट कुठले आणि समुद्र कुठला! पण ही गोष्ट खरी आहे. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र आणि दक्षिणेला माहीमची खाडी, असे चहूबाजूंनी पाणी असलेले हे साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी. आपण उपनगरवासी सगळे या बेटाचे रहिवासी आहोत. पुलांवरून आणि भरावावरून रोज ये-जा करता करता ते आपण विसरून गेलो, इतकेच.

आज मी तुम्हाला आपल्या या मोठ्या बेटावरून एका लहान बेटावर नेणार आहे. त्याचे नाव घारापुरी. इंग्रजी पुस्तकांत आणि जाहिरातींत त्याला 'एलिफंटा' म्हणतात. मात्र तिथल्या गावकऱ्यांनी जुने नाव सोडलेले नाही, तेव्हा आपणही ते सोडू नये.

प्रथम एक कबुली देतो. मी इतिहास शिकवतो, आणि घारापुरीवर वर्गात बरीच वर्षे बोलत आलो. 'घारापुरी म्हणजे शैव लेणी, सहावे शतक, त्रिमूर्ती' एवढे फळ्यावर लिहिले की माझे काम झाले, असे मी समजत असे. गेल्या वर्षी घाटकोपरहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने तास संपता संपता विचारले, "सर, तिथं एक स्तूपही आहे म्हणतात. त्याबद्दल तुम्ही काहीच सांगितलं नाहीत." मी घाईत होतो. "अरे, आहे काहीतरी विटांचं. परीक्षेच्या दृष्टीनं फारसं महत्त्वाचं नाही," असे म्हणून मी हजेरीपट उचलला. मुलगा गप्प बसला. या मुलाच्या पणजोबांनी १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती, हे मला नंतर कळले. ते कळले नसते तरी माझे उत्तर चुकीचेच होते. जे आपण पाहिलेले नाही ते महत्त्वाचे नाही असे ठरवून टाकणे, हा शिक्षकाचा फार जुना रोग आहे. म्हणून मी ठरवले की या खेपेला वर्ग घेऊन जायचा, आणि दोन्ही टेकड्या चढायच्या.

जाण्याची वाट सोपी आहे. पश्चिम रेल्वेवाल्यांनी चर्चगेटला उतरावे, मध्य रेल्वेवाल्यांनी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला. तिथून गेट वे ऑफ इंडिया. सकाळी नवाच्या सुमारास लाँची सुटू लागतात. सोमवारी लेणी बंद असतात, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँची बंद होतात, या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बेट गेट वेपासून सहा-सात मैलांवर, म्हणजे दहा-अकरा किलोमीटरवर आहे. पोचायला तास लागतो. २०२४ च्या डिसेंबरात याच वाटेवर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचेवर आदळून माणसे बुडाली. तेव्हापासून लाँचेत बसताच जाकीट घालावे लागते. मुले कुरकुरतात, पण घालायला लावावे.

तो एक तास वाया जात नाही. मुंबई बंदर म्हणजे काय चीज आहे, ते त्या तासात समजते. मागे गेट वे लहान लहान होत जाते. एका अंगाला तेलाची जहाजे लागतात ते जवाहर द्वीप, पलीकडे तुर्भ्याचा डोंगर, समोर न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या उंच याऱ्या, आणि उत्तरेला २०२४ साली सुरू झालेला अटल सेतू. दोन हजार वर्षांपूर्वी इथे याऱ्या नव्हत्या, पण जहाजे होती. शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा आणि कल्याण ही त्या काळची नामांकित बंदरे. घारापुरीच्या मोराबंदरच्या बाजूला भूमध्य समुद्राकडून मद्य घेऊन येणाऱ्या कुंभांची खापरे सापडलेली आहेत. म्हणजे आज ज्याला आपण सहलीचे बेट म्हणतो, ते एके काळी व्यापाराच्या ऐन रस्त्यावर होते. ही गोष्ट मनात पक्की ठेवा, कारण पुढच्या साऱ्या हकीकतीची किल्ली तीच आहे. धर्म डोंगरात राहिला, पण तो चालत आला व्यापाराच्या वाटेने.

बेटाला दोन टेकड्या आहेत आणि मध्ये एक अरुंद दरी. लाँच लागते ती पश्चिमेकडच्या टेकडीच्या बाजूला. धक्क्यापासून एक चिमुकली आगगाडी आहे, चालतही जाता येते. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकाने, आणि हातातल्या पिशवीवर डोळा ठेवून बसलेली माकडे. वर पोचले की समोर मुख्य लेणे.

हे लेणे बांधलेले नाही, कोरलेले आहे, हे सगळ्यांना माहीत असते; पण त्याचा अर्थ आत गेल्यावर उमगतो. देऊळ बांधणारा पाया घालतो आणि वर जातो. लेणे कोरणारा नको असलेला दगड काढत जातो. बांधकामात चुकलेला चिरा बदलता येतो. इथे चुकलेला घाव परत भरून येत नाही. खांब, तुळया, छत, देव, द्वारपाल हे सारे त्या एका काळ्या बसाल्टात आधीपासून होते, आणि कोणीतरी ते मनात पाहिलेले होते. उत्तरेकडून आत शिरले की समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे १८ फूट उंचीचा तो तीन मुखांचा शिव दिसतो. दोन्ही बगलांनाही लेणे मोकळे आहे, त्यामुळे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून तिरपा उजेड येतो, आणि जसजसा दिवस सरकतो तसतशी मूर्तींची मुद्रा बदलल्यासारखी वाटते.

याला आपण त्रिमूर्ती म्हणतो, आणि ब्रह्मा, विष्णू, महेश असे तीन देव तिथे आहेत असे शाळेत पाठ करतो. अभ्यासकांचे मत तसे नाही. हा एकटा शिवच आहे, सदाशिव. मधले शांत, डोळे मिटलेले मुख तत्पुरुषाचे. आपल्या डाव्या हाताला मिशा असलेले, कपाळाला आठ्या घातलेले, हाती साप धरलेले मुख अघोराचे. उजव्या हाताला कोमल, हाती कमळ घेतलेले मुख वामदेवाचे. शैवांच्या मते सदाशिवाला पाच मुखे. चौथे पाठीमागे दगडात, पाचवे वर. दिसतात ती तीन, बाकीची दोन समजून घ्यायची. संहार, शांती आणि कोमलपणा ही तीन रूपे तीन देवांत वाटून न देता एकाच देहावर ठेवली आहेत. या मूर्तीच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. शिवपार्वतीचे लग्न आहे, कैलास हलवणारा रावण आहे, अंधकासुराचा वध आहे. आणि सभामंडपात पश्चिमेकडे चार दारांचे गर्भगृह आहे. त्यात शिवलिंग, आणि प्रत्येक दाराशी माणसाच्या दुप्पट उंचीचे द्वारपाल.

आता एक गंमत सांगतो. उत्तरेच्या दारातून आत शिरतानाच उजव्या हाताला नटराज आहे आणि डाव्या हाताला योगीश्वर. मुले नटराजाची छायाचित्रे घेत होती. घाटकोपरचा तो विद्यार्थी मात्र डावीकडच्या शिल्पासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हा तर बुद्ध!"

वर्गातली दोनचार मुले हसली. हसण्याचे कारण नव्हते. हा योगीश्वर शिव पद्मासन घालून कमळावर बसला आहे, कमळाचा देठ दोन नागांनी धरलेला आहे, मिटलेल्या डोळ्यांत पूर्ण शांती आहे, आणि हात तुटून गेलेले आहेत. अगदी असाच, नागांनी तोललेल्या कमळावर बसलेला बुद्ध कान्हेरीत पाहायला मिळतो. इतकेच नव्हे, तर एकोणिसाव्या शतकाच्या आधी इथे आलेल्या युरोपियन प्रवाशांनीही या मूर्तीला बुद्धच समजून वर्णने लिहिली. विल्यम अर्स्किन या विद्वानाने १८१३ साली मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे या लेण्यांवर निबंध वाचला, आणि त्यानंतर हा घोळ मिटला. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याची चूक ही विद्वानांनी केलेली चूक होती. ती होण्याचे कारण साधे आहे. शिव कोरणाऱ्या कारागिराने ध्यानस्थ योगी कसा दाखवायचा हे ज्या परंपरेतून शिकले, त्या परंपरेत आधीची कित्येक पिढ्यांची बौद्ध लेणी होती. देव बदलला, छिन्नी तीच राहिली.

हे लेणे कोणी कोरवले? पांडवांनी, असे लोक म्हणतात. बाणासुराने, असेही म्हणत. इथे एक शिलालेख होता. तो वाचता आला असता तर हा प्रश्नच उरला नसता. पण सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती शिळा काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठवली, तिथे ती कोणाला वाचता आली नाही, आणि पुढे तिचा पत्ता लागला नाही. एका दगडाबरोबर एका राजाचे नाव समुद्रापार गेले. आता पुरावा उरला तो नाण्यांचा. बेटावर कलचुरी राजा कृष्णराज याची तांब्याची नाणी सापडली. हा सहाव्या शतकाच्या मध्याचा राजा. राजधानी माहिष्मती, आणि शिवाचा मोठा भक्त. चांदीचे नाणे व्यापाऱ्याच्या कमरेला लागून कुठेही जाईल, पण तांब्याचे हलके नाणे दूर जात नाही. ते जिथे मजुरी वाटली जाते तिथे पडते. म्हणून बरेच अभ्यासक असे मानतात की ही नाणी लेणी कोरणाऱ्या कामगारांच्या हातची असावीत. आपले नागपूरचे थोर पंडित महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीही या लेण्यांचा संबंध कलचुरींशीच जोडला. नंतर इथे कोकणचे मौर्य आले. चालुक्य दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पश्चिम समुद्राची लक्ष्मी असलेल्या 'पुरी' नगरीला त्याने जहाजांनी वेढल्याचे वर्णन आहे. ती पुरी म्हणजे हीच घारापुरी असे काहींचे मत, तर काहींच्या मते ती दुसरीकडे. तो वाद विद्वानांवर सोडू.

मुख्य लेण्यापाशी बहुतेक सहली संपतात. लोक डबे उघडतात, सरबत पितात, आणि परतीची लाँच धरतात. आम्ही दुपारी दरी ओलांडून पूर्वेच्या टेकडीकडे निघालो. वाटेत कोणी भेटले नाही. पलीकडच्या उतारावर दोन लेणी आहेत. एकाला सीताबाईचे देऊळ म्हणतात, दुसरे लहान आहे. त्याच्या पुढे एक सुकलेले तळे, आणि काठाशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी. ज्याने कान्हेरी पाहिली आहे त्याला ही टाकी पाहताच ओळख पटते. पावसाळ्याचे चार महिने डोंगर जे पाणी टाकून देतो ते आठ महिने पुरवायचे, ही भिक्षूंची विद्या होती. आणि या टेकडीवर विटांचा स्तूप. म्हणून या टेकडीचे नावच स्तूपाची टेकडी पडले आहे. शैव लेण्यांच्या कितीतरी शतके आधीचा हा स्तूप. म्हणजे वयाच्या हिशेबाने पाहिले तर या बेटावर वडीलकीचा मान पूर्वेच्या टेकडीचा.

खरे सांगायचे तर पाहण्यासारखे तिथे फारसे उरलेले नाही. एक उंचवटा, गवत, आणि त्यातून डोकावणाऱ्या विटा. एक मुलगी म्हणाली, "सर, इथं तर काहीच नाही." घाटकोपरच्या मुलाने काही न बोलता चपला काढल्या, उजवीकडून त्या उंचवट्याला प्रदक्षिणा घातली आणि हात जोडले. मग बाकीच्यांनीही चपला काढल्या. कोणी सांगितले नव्हते.

मला त्या क्षणी सकाळची गोष्ट आठवली. आमच्यातली जोगेश्वरीची एक विद्यार्थिनी आजीने दिलेले बेलाचे पान वहीत घालून घेऊन आली होती. तिनेही लिंगाच्या गर्भगृहाभोवती अशीच, उजवीकडून, प्रदक्षिणा घातली होती. त्या गर्भगृहाला चार दारे आहेत आणि ते भिंतीला चिकटलेले नसून मंडपात सुटे उभे आहे, म्हणून चारी अंगांनी फिरता येते. चैत्यगृहात स्तूपाभोवती जशी वाट सोडलेली असते तशीच ही वाट. दोन टेकड्या, दोन धर्म. पण पाय ज्या वाटेने फिरतात ती वाट एक.

इथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून चालणार नाही. एकाने दुसऱ्याला हुसकून लावले काय? आमच्या मुलांत परतीच्या वाटेवर यावरून चांगलीच जुंपली. एक म्हणे, सगळी लेणी मूळची बौद्धांचीच, मागून बळकावली. दुसरा म्हणे, छे, सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते. मी दोघांना सांगितले ते तुम्हालाही सांगतो. दोन्ही वाक्ये 'सगळे' या शब्दाने सुरू होतात, आणि इतिहासात त्या शब्दापासून जपून राहावे.

घारापुरीपुरते पाहिले तर शैव लेणी शैव म्हणूनच कोरली गेली. स्तूप पाडून त्यावर शिवालय उभे केले असे तिथे दिसत नाही. स्तूप एका टेकडीवर, शिव दुसऱ्या टेकडीवर. आणि आपल्या साष्टीत पाहा. जोगेश्वरीचे शैव लेणे घारापुरीच्याच काळातले, किंबहुना थोडे आधीचे. पाशुपत पंथाचा प्रवर्तक लकुलीश आपल्या शिष्यांसह तिथे कोरलेला आहे. त्या लेण्यापासून मैल-सव्वा मैलावर अंधेरीची कोंडिवट्याची, म्हणजे ज्यांना आपण महाकाली लेणी म्हणतो ती, बौद्ध लेणी आहेत. तिथले स्तूपाभोवतीचे गोल दालन, जाळीच्या खिडक्यांसकट, या देशातल्या जुन्या चैत्यांपैकी आहे. आणि सहा मैलांच्या आत कान्हेरी. शंभरांहून अधिक लेण्यांचा तो विहार शिवलेणी कोरली जात असताना भरलेला होता, आणि त्यानंतरही तीन शतके नांदता होता. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, कान्हेरीच्या भिक्षूंना दाने दिल्याचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत. तेव्हा शिव आला आणि बुद्ध गेला, असे एका रात्रीत झाले नाही. कित्येक पिढ्या दोन्हींचे दिवे एकाच बेटावर लागत होते.

पण म्हणून स्पर्धा नव्हती असेही मी म्हणणार नाही. राजाची आणि व्यापाऱ्याची थैली एकच असते. ती एकीकडे रिकामी झाली की दुसरीकडे हात आखडता होतो. बंदरे बदलली, राजे बदलले, दानाचा ओघ वळला, आणि विहार ओस पडत गेले. ओस पडलेल्या जागी दुसरा देव येऊन बसला, अशी उदाहरणेही आपल्याकडे आहेत. जुन्नरजवळ लेण्याद्रीचा गिरिजात्मज गणपती बसला आहे तो मूळच्या बौद्ध विहारात. कार्ल्याला चैत्याच्या दाराशीच कोळी-आगरी लोकांची एकवीरा आई आहे. हे सारे जसे झाले तसे सांगावे. लपवावे असे त्यात काही नाही, आणि भांडावे असेही नाही.

आणखी एक साम्य मला फार बोलके वाटते. कान्हेरीच्या ४१ क्रमांकाच्या लेण्यात अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. करुणेचा हा बोधिसत्त्व. दुःखी माणूस कोणत्याही दिशेला असो, त्याला दिसावा म्हणून इतकी मुखे. घारापुरीला पाच मुखांचा सदाशिव. काल, करुणा आणि ज्ञान सर्व दिशांना पाहत आहेत. काळही या दोन मूर्तींचा जवळजवळचाच. दोन वेगळ्या धर्मांतल्या शिल्पकारांना एकाच खाडीच्या परिसरात एकच अडचण पडली होती : जो सर्वत्र आहे त्याला एका दगडात कसे दाखवायचे? उत्तरही दोघांना सारखेच सुचले. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात तर हाच अवलोकितेश्वर आठ संकटांतून माणसांना सोडवताना दाखवला आहे, आणि त्या संकटांत एक आहे जहाज बुडण्याचे. अंगात जाकीट घालून लाँचेत बसलेल्या आमच्या मुलांना ते शिल्प समजावून सांगायला मला फार शब्द लागले नाहीत.

बेटाचे पावित्र्य ज्यांना उमगले नाही असेही पुष्कळ येऊन गेले. १५३४ साली वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. राजबंदराजवळ एक प्रचंड दगडी हत्ती उभा होता, त्यावरून त्यांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८१४ साली त्या हत्तीची मान आणि डोके कोसळले. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे १९१४ साली जोडण्यात आले, आणि आज तो हत्ती भायखळ्याला जिजामाता उद्यानाच्या आवारात, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे. पेंग्विन पाहायला जाणाऱ्या मुलांना तोही दाखवावा. ज्याच्या नावाने बेट ओळखले जाते तो स्वतः बेटावर नाही. १८७५ साली इंग्लंडच्या युवराजासाठी या लेण्यातच मेजवानीची टेबले मांडली होती. पश्चिमेच्या टेकडीच्या माथ्यावर इंग्रजांनी बसवलेल्या दोन तोफा अजून आहेत. आपल्या बोरिवलीच्या मंडपेश्वरालाही हेच भोगावे लागले. सोळाव्या शतकात पाद्र्यांनी त्या शिवलेण्याचे प्रार्थनामंदिर केले, वर मठ बांधला. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो भाग घेतला, तेव्हा लेणे पुन्हा महादेवाचे झाले.

मात्र शेकडो वर्षे बेटावर राहणाऱ्या माणसांचे काय? शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशी तीन गावे इथे आहेत, वस्ती हजार-बाराशेची. १९८७ साली युनेस्कोने ही लेणी जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. जगाच्या नकाशावर नाव लागले, पण गावातल्या घरांत दिवा लागला नाही. संध्याकाळी काही तास जनित्र चालायचे, तेवढाच उजेड. समोर रात्रभर मुंबई झगमगत असायची. शेवटी २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर लांबीची तार टाकून बेटावर वीज आली. महाशिवरात्रीला मात्र लेण्यात यात्रा भरते. मोरा, न्हावा या बाजूंनी माणसे होड्यांतून येतात. तिकिटाच्या खिडकीपुढे रोज उभी राहणारी रांग आणि त्या दिवशीची रांग यांत फरक आहे. रोजची रांग पाहायला येते, ती रांग दर्शनाला येते.

परतीच्या लाँचेत तो घाटकोपरचा विद्यार्थी माझ्याजवळ येऊन बसला. "सर, स्तूपाकडं जायच्या वाटेवर एक पाटी असती ना, तरी लोक गेले असते," तो म्हणाला. मी म्हटले, "पाटी सरकार लावील तेव्हा लावील. पुढच्या वर्षीपासून माझ्या फळ्यावर तरी ती लागेल." तो हसला. एवढ्याने माझ्या त्या जुन्या उत्तराची भरपाई झाली असे मी समजत नाही. पण सुरुवात झाली.

जोगेश्वरीची विद्यार्थिनी मग म्हणाली, "सर, आमच्या घरापासून लेणं दहा मिनिटांवर आहे. मी कधी आत गेले नाही. पावसात तिथं पाणी साचतं, वरती घरं आहेत, घाण येते म्हणून कोणी जात नाही." यावर मला उत्तर सुचले नाही. समुद्र ओलांडून आम्ही जे पाहायला गेलो होतो, त्याचेच थोरले भावंड तिच्या घरामागे ओलाव्याने झिजत होते.

श्रोतेहो, घारापुरीला जरूर जा. सकाळी लवकर निघा, पिण्याचे पाणी बरोबर न्या, आणि मुख्य लेणे पाहून झाल्यावर पूर्वेची टेकडी विसरू नका. रात्री पर्यटकांना बेटावर राहता येत नाही, तेव्हा शेवटच्या लाँचेची वेळ आधीच विचारून ठेवा. पण त्याआधीच्या रविवारी अंधेरीला कोंडिवट्याला जा, जोगेश्वरीला जा, बोरिवलीला मंडपेश्वर आणि कान्हेरी पाहा. या सगळ्यांना लाँच लागत नाही, बस किंवा रिक्षा पुरते. आमचा पुढचा वर्ग आम्ही जोगेश्वरीच्या लेण्यात घेणार आहोत. त्या मुलीच्या आजीने येण्याचे कबूल केले आहे. बेलाचे पान त्या स्वतः घेऊन येणार आहेत.